हातातून गेलेले अपूर्णांक

भांडुप आणि मुलुंडच्या मधले नाहूर. लोकल इथे २००६पासून थांबू लागली. पूर्वेला मिठागरांची जमीन आणि ठाण्याची खाडी, पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, त्यापलीकडे येऊरचे डोंगर. एवढ्या पट्ट्यात आईच्या पिढीपासून नातवंडांपर्यंत गणिताच्या ज्या वस्तू, सवयी आणि म्हणण्याच्या चाली गेल्या किंवा जाऊ लागल्या, त्यांची ही नोंद. शेजारची मुले गणिताच्या वह्या घेऊन येतात आणि बहुतेक जण अपूर्णांकांपाशी येऊन अडतात. ती का अडतात हे शोधताना ही यादी होत गेली. क्रम लावलेला नाही.

पावकी ते औटकी

बे एके बेपासून तीसपर्यंतचे पाढे अजून कुठे कुठे म्हटले जातात. त्यांच्या पुढचे गेले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. औटकी अशी चालते: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस, साडेचोवीस, अठ्ठावीस, साडेएकतीस, पस्तीस. दिवेलागणीला शुभंकरोति झाले की परवचा व्हायचा आणि त्यात हे पाढे तिथी-नक्षत्रांच्या बरोबरीने यायचे.

निव्वळ घोकंपट्टी म्हणून यांना मोडीत काढले गेले. घोकंपट्टी होतीच, आणि पंतोजींच्या छडीखाली होती. तरी त्यात एक मोठी गोष्ट होती. अपूर्णांक ही पूर्ण संख्येसारखीच एक संख्या आहे, तिचाही पाढा असतो, तिच्या पटीतही चढत जाता येते, हे सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात बसायचे. आजच्या मुलाला तीन छेद चार म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन आकडे वाटतात. म्हणून ते एक छेद दोन आणि एक छेद तीन यांची बेरीज दोन छेद पाच अशी करते. वर वरचे मिळवले, खाली खालचे. अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी आले, हे त्याला खटकत नाही. औटकी म्हणणाऱ्याला खटकले असते.

निळवे, कोळवे, चिपटे, मापटे

दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट, उलट उतरताना निम्मे. शेराचा सोळावा भाग कागदावर नव्हता, घरातल्या डब्यात लाकडी मापाच्या रूपाने पडलेला होता. १९५६च्या कायद्याने मापे दशमान झाली. ते गरजेचेच होते. गावागावाचा मण वेगळा, आणि मापात मारले जायचे ते अडाण्याला. माझी तक्रार त्या कायद्याशी नाही. निम्मे-निम्मे करत जाणारी मापे गेली तेव्हा शाळेने अपूर्णांकांसाठी दुसरी हातात धरता येणारी वस्तू शोधायला हवी होती. पुस्तकातला रंगवलेला गोल तेवढा मिळाला.

चवली, पावली, अधेली

दोन आणे, चार आणे, आठ आणे. म्हणजे रुपयाचा आठवा, चौथा आणि दुसरा भाग. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११पर्यंत टिकले, नंतर तेही चलनातून गेले. एक छेद आठ हे एक छेद चारपेक्षा मोठे, कारण आठ चारपेक्षा मोठे, असे म्हणणारी मुले दर वर्षी भेटतात. चवली आणि पावली हातात असलेल्या मुलाला हा प्रश्न कोणी विचारला नसता.

भरतीची पाऊणकी

हा आडाखा किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे अजून सापडतो, म्हणून इथे थोडे थांबतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते, एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्री. पुढे रोज ती सरकत जाते. किती सरकते? तिथीची पाऊणकी करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊण सहा. द्वादशीला बारा पाऊण नऊ. घड्याळ, पंचांग आणि पाऊणकी एवढ्यावर होडी कधी काढायची आणि खाडीचे पाणी केव्हा चढेल हे कळायचे. मिठागरात पाणी घ्यायचे ते भरतीच्या जोरावर, तेव्हा हा हिशेब आगऱ्यांच्याही कामाचा.

यातले गणित तपासण्यासारखे आहे. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकून पुन्हा बारावर येते. म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊणकी ४५ मिनिटे धरते. दर तिथीला तीन मिनिटांची चूक, पंधरा तिथींची मिळून ४५ मिनिटे. पौर्णिमेला आडाखा सव्वाअकरा सांगतो आणि समुद्र बारा वाजवतो. चूकसुद्धा बरोबर पाऊण तासाची. म्हणून पंधरवडा संपला की हिशेब नव्याने सुरू करायचा. सहावी-सातवीच्या वर्गात हे एकदा मांडून पाहा. गुणाकार, अपूर्णांक, अंदाज, अंदाजातली चूक आणि ती साठत जाणे, सगळे एका जागी आहे, आणि भरती खरी आहे की नाही हे पाहायला खाडी समोर आहे. नाहूरच्या मुलाला याहून जवळचा धडा कोणता देणार? मिठागरे ओस पडत चालली, पंचांग भिंतीवरून मोबाइलमध्ये गेले आणि हा आडाखा सांगणारे कमी झाले.

सवाई आणि दिढी

पेरणीला धान्य उसने घ्यायचे आणि सुगीला सव्वापट किंवा दीडपट फेडायचे. सवायकी-दिडकीचा हा दुसरा उपयोग. ज्याला ती येत होती तो बहुधा देणारा असे, घेणाऱ्याला येत नसे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षणात मोडी-बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब शिकवावा अशी मागणी होती. जुने पाढे आठवून हळहळणाऱ्यांनी हे विसरू नये. ते पाढे सगळ्यांचे कधीच नव्हते. सवाई-दिढीची प्रथा गेली ते चांगले झाले. पण सावकाराचे व्याज आता मोबाइलवरच्या कर्जात आले आहे, आणि ते मोजता न येणारी माणसे आजही त्यात अडकतात.

पावणेपाच

काट्यांचे घड्याळ घरात असले की मूल पाव, अर्धा आणि पाऊण डोळ्यांनी शिकते. सव्वा म्हणजे मोठा काटा तीनवर, पावणे म्हणजे नऊवर. पूर्ण वर्तुळाचे चार भाग दिवसभर समोर फिरत असतात. आता घरात, हातात, फलाटावर आकडेच आहेत. गाडीही आठ सतराची, नऊ एकोणचाळीसची अशी मिनिटामिनिटाची असते. मुंबईच्या माणसाला ते सोडता येणार नाही. पण वर्गात काट्यांचे एक घड्याळ भिंतीवर असावे आणि ते चालू असावे.

ठिपक्यांचा कागद

जाड कागदाला उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडायची, त्यावर रांगोळी पसरायची आणि कागद अलगद उचलायचा. जमिनीवर ठिपक्यांची जाळी उरते. माझ्या आईकडे असा एक कागद होता, कडा काळ्या पडलेला आणि घडीवर चिकटपट्टी लावलेला. बायका एकमेकींना रांगोळी सांगायच्या ती आकड्यांतच: अकरा ते सहा, पंधरा ते आठ. त्याचा अर्थ असा की मधल्या ओळीत अकरा ठिपके, मग वर आणि खाली दोन्हीकडे दहा, नऊ, आठ, सात, सहा, प्रत्येक ओळ मागच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध सुरू होणारी. षटकोन तयार होतो.

अकरा ते सहाचे ठिपके मोजले तर ९१ भरतात. नऊ ते पाचचे ६१. सात ते चारचे ३७. पाच ते तीनचे १९. तीन ते दोनचे ७. अगदी मधला एकटा १. आता १, ७, १९, ३७, ६१, ९१ या ओळीतले फरक पाहा: ६, १२, १८, २४, ३०. दर वेळी षटकोनाला एक नवे कडे चढते आणि त्यात सहा ठिपके वाढतात. हीच ओळ मिळवत गेलो तर १, ८, २७, ६४, १२५, २१६. एकापासून सहापर्यंतचे घन. अंगणातल्या सपाट रांगोळीत घनसंख्या दडून बसल्या आहेत, आणि त्या कोणत्याही मुलीला पांढऱ्या ठिपक्यांनी काढून दाखवता येतात. रांगोळी घालणाऱ्या बायकांना आपण गणित करतो असे कोणी सांगितले नाही. त्यांतल्या कितीतरी जणींचे गणित शाळेत कच्चे ठरले होते.

आता दारापुढे अंगण नाही, लिफ्टचा व्हरांडा आहे. रांगोळीचे स्टिकर बाजारात मिळतात, दिवाळीत चिकटवले की झाले.

सूत

इंचाचा आठवा भाग. सुतार, गवंडी, फिटर यांच्या तोंडी अजून आहे. पाव इंच म्हणजे दोन सूत, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या माणसांना तीन सुताला दोन सूत मिळवायला छेद समान करावे लागत नव्हते, कारण सूत हाच समान छेद. कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या. त्या बांधणाऱ्यांच्या टेपवर इंच आणि मिलिमीटर दोन्ही असतात. पाचवीच्या मुलाच्या हातात असा टेप द्यावा. दहा रुपयांच्या पट्टीवर पहिल्यांदा इंचाची बाजू दाखवावी.

पेरे

अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजायची. एका हातावर बारा. भाजीवाली, जप करणारी आजी, दोघी तशाच मोजत. वर्गात बोटांवर मोजणे म्हणजे कच्चेपणा ठरला आणि मुले टेबलाखाली बोटे लपवू लागली. बोटे वर घेऊ द्यावीत.

वकट, लेंड, मुंड, नाल

विटीदांडूत विटी कुठवर गेली ते दांडूने मोजायचे आणि मोजताना हे आकडे म्हणायचे. तेलुगू-कानडी आकड्यांशी त्यांचे नाते उघड आहे. एकच लांबी पुन्हा पुन्हा लावून अंतर मोजणे, हा मापनाचा पहिला धडा खेळात मिळायचा. मोकळी जागा गेली, खेळ गेला.

सुटे पैसे

त्रेसष्टचे सामान, शंभरची नोट. वाणी वजाबाकी करत नव्हता. तो नाणी हातावर ठेवत म्हणायचा: त्रेसष्ट, हे दोन पासष्ट, हे पाच सत्तर, हे तीस शंभर. वर चढत जाऊन सदतीस परत. शाळेत हेच उदाहरण उभ्या मांडणीत येते. शून्यातून तीन जात नाहीत, शेजारी उसने मागायला जावे तर तिथेही शून्य. नेमके इथेच मूल घसरते. वाण्याच्या रीतीत उसने नाही, शून्याची अडचण नाही. आता चौकोनी कोडवर मोबाइल धरला की पैसे पोहोचतात, आणि परत द्यायचे काही राहतच नाही. मुलांना दुकानात पाठवले तरी हिशेब त्यांच्या हातून जात नाही.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात नुनेस काराहेर, काराहेर आणि श्लीमन यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांना आधी बाजारात आणि मग कागदावर तशीच गणिते घातली. १९८५ साली छापलेल्या त्या निबंधात बाजारातली ९८.२ टक्के उत्तरे बरोबर निघाली, संदर्भ काढून टाकलेली फक्त ३६.८ टक्के. आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीत शिकणाऱ्या आणि घरच्या उद्योगांत हात लावणाऱ्या मुलांकडे मापांचे आणि हिशेबाचे किती ज्ञान असते हे नोंदवले. २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात तेच आढळले, आणि त्याची उलट बाजूही: फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. म्हणजे दोन गणिते शेजारी शेजारी नांदतात आणि त्यांच्यात ये-जा नाही. ती ये-जा घडवणे हे शिक्षकाचे काम आहे. बाजारातले गणितच उरले नाही तर ती कुठून घडणार, ही माझी खरी चिंता.

सत्तावन्न

ही वस्तू अजून गेलेली नाही, पण धोक्यात आहे. मूल सत्तावन्न ऐकते, आधी सात ऐकू येतो, म्हणून ७५ लिहिते. एकोणसाठ म्हटल्यावर तर साठाकडे धावते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, पन्नास सात अशी पद्धत आली आणि केवढी खिल्ली उडाली, विधानसभेपर्यंत. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या आणि मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या या बाईंनी मुलाच्या कानाचा विचार केला होता. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते. त्या बदलाशी मतभेद असू शकतो. मलाही सत्तावन्न हवा आहे. पण मूल का चुकते हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि हसण्यात तो वाहून गेला. नारळीकर १७ जुलै २०२३ला गेल्या. प्रश्न तसाच आहे.

अंश आणि छेद

सेमी इंग्रजीच्या वर्गात न्यूमरेटर-डिनॉमिनेटर आले. लसावि, मसावि, त्रैराशिक हे शब्द मुलांच्या आईवडिलांना येतात, मुलांना नाही. घरी मदत करू शकणारा माणूस यामुळे गप्प होतो.

सामान्य गणित

दहावीला हा सोपा पर्याय होता, तो बंद झाला. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या मुलांना मंडळ सवलती देते आणि त्या दिल्याच पाहिजेत. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. पण गणितात अडणारी बहुतेक मुले अक्षम नसतात. ग्रामीण भारताच्या ‘असर’ पाहणीत २०२२ साली पाचवीतल्या २५.६ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. एवढ्या सगळ्यांत दोष असणे शक्य नाही. दोष त्यांना जे दिले आणि जे काढून घेतले त्यात आहे.

कुड्यावरचे भुंगे

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) भुंग्यांचे उदाहरण आहे. थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग दुसऱ्या एका फुलावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच. थवा पंधराचा. कुटज म्हणजे आपला कुडा. नाहूरच्या पश्चिमेच्या डोंगरात पावसाच्या तोंडाशी तो पांढरा फुलतो. ‘लीलावती’ची सुरुवातही नाण्यांच्या कोष्टकांनी होते: वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. १२०७चा शिलालेख तसे सांगतो. मठ राहिला नाही. कुडा आहे.

पाने, बिया, शिंपले

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांना शिकवत होत्या. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी भोवतालची पाने, बिया, खडे, शिंपले घेतले. मोजणे, लहान-मोठे लावणे, गट करणे, सगळे त्यावर. परिसरातली साधने आज शिक्षक प्रशिक्षणात शिकवली जातात, तरी शाळेत येते ते बहुधा प्लास्टिकचे खोके, आणि तेही हरवेल म्हणून कपाटात.

नाहूरच्या परिसराची साधने कोणती ते वर आलेच आहे. खाडीची भरती, ठिपक्यांचा कागद, इंचाचा टेप, काट्यांचे घड्याळ, कुड्याची फुले. यांतले काहीही विकत आणावे लागत नाही किंवा फार थोड्यात येते.

औटकी तोंडपाठ असलेली माणसे नाहूर-भांडुप-मुलुंडच्या इमारतींत अजून आहेत. बहुतेक ऐंशीच्या पुढची. इथल्या शाळांच्या गणित शिक्षकांना विनंती आहे की त्यांना वर्गात बोलवावे, किंवा मुलांना त्यांच्या घरी पाठवावे. पावकीपासून औटकीपर्यंत त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, वहीत उतरवावे, आणि प्रत्येक पाढ्याखाली आपल्या पट्ट्यातले एक खरे उदाहरण मुलांकडून लिहून घ्यावे. हे याच वर्षी करावे.